धर्माची गाय, बसवनगुडीचा बैल

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बंगळुरातल्या बसवनगुडीत शेंगांची जत्रा भरते. कन्नडात तिला कडलेकायी परिषे म्हणतात. बुल टेंपल रोडच्या दोन्ही कडांना भुईमुगाच्या शेंगांचे ढीग लागतात, कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या. मापावरून घासाघीस होते आणि दिवस मावळेपर्यंत रस्त्यावर डांबर कमी, टरफलं जास्त अशी अवस्था होते. जत्रेमागची कथा अशी की, इथल्या आसपासच्या खेड्यांतले शेतकरी भुईमूग पिकवायचे आणि एक बैल रात्री येऊन पीक फस्त करून जायचा. हाकलून झालं, राखण करून झाली. शेवटी शेतकऱ्यांनी बैलालाच देव केलं, त्याला देऊळ बांधून दिलं आणि दरवर्षीचं पहिलं पीक त्याच्यापुढे ठेवायचं कबूल केलं. (इतिहासाच्या मास्तरांनी इथे बोट वर करू नये. देऊळ केंपेगौडाचं, म्हणजे सोळाव्या शतकातलं सांगतात. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. या कथेत सगळ्यांत लांबचा प्रवास केला तो शेंगेने, आणि तोही कोणाच्या शिष्यवृत्तीवाचून.) तारखा जुळोत न जुळोत, कथेतला व्यवहार पक्का आहे. खाणारा खाणारच, तेव्हा तो किती खाणार हे आधी ठरवून घ्यावं, म्हणजे उरलेल्या पिकावर सुखाने झोपता येतं.

आपल्याकडे याच्या उलट एक म्हण आहे : धर्माची गाय आणि दात का गं नाय. फुकट मिळालेल्या गाईचं तोंड उघडून बघू नये, असा तिचा रोख. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलामुलींना देणगीदारांच्या निधीतून विद्यापीठं जी पारितोषिकं आणि शिष्यवृत्त्या देतात, त्यांना ही म्हण आजवर बिनतक्रार लावली गेली आहे. कोणी कमावलेल्या पैशातून कोणाच्या तरी विमानाचं तिकीट निघतं आहे, मग दात कसले मोजता? माझं म्हणणं असं की, मोजलेच पाहिजेत. कारण ही गाय दिसते तशी बिनदाताची नसते. तिला पुरते बत्तीस दात असतात आणि ती चारा म्हणून कृतज्ञता खाते. कृतज्ञतेचा भाव कुठल्याच बँकेच्या व्याजदरात बसत नाही.

अशा एखाद्या पारितोषिकाचा अर्ज नीट वाचून पाहावा. पहिलं लक्षात येतं ते नाव. नावाची लांबी आणि रकमेची लांबी यांचं प्रमाण सहसा व्यस्त असतं. कैलासवासी, त्यांच्या पत्नी, त्यांची पेढी आणि ‘स्मृत्यर्थ परदेश अध्ययन साहाय्य’ एवढं सगळं प्रमाणपत्रावर बसवायला अक्षर बारीक करावं लागतं. रकमेला मात्र मोठ्या अक्षरातही जागा उरते. त्या रकमेत जाण्याचं तिकीट निघतं. परतीचं निघत नाही, आणि मुलं परत का येत नाहीत यावर मग परिसंवाद होतात. नंतर येतो निबंध : ही शिष्यवृत्ती तुमचं आयुष्य कसं बदलेल, पाचशे शब्दांत लिहा. आयुष्य अजून बदललेलं नाही, व्हिसाही आलेला नाही, पण बदलाचा अहवाल आगाऊ द्यायचा. त्यात गरिबी दिसली पाहिजे, पण गबाळेपणा दिसता कामा नये. महत्त्वाकांक्षा हवी, पण दात्यापेक्षा मोठं होण्याची नको. निवड झाली की समारंभ, शाल, भला थोरला पुठ्ठ्याचा चेक, आणि तो चेक दोन्ही बाजूंनी धरून काढलेला फोटो. पुढे दरवर्षी आभाराचं पत्र, दात्याच्या स्मृतिदिनी मनोगत, आणि विद्यापीठाच्या वार्षिक अहवालात तोच फोटो. कर्ज कधीतरी फिटतं. या फोटोतून मात्र सुटका नाही.

याच्याशी ताडून पाहायला बसवनगुडीजवळच एक पत्ता आहे. या भागाच्या शेजारी टाटा सिल्क फार्म नावाची वस्ती आहे. आज तिथे रेशमाचा किडा औषधालाही सापडायचा नाही, पण नाव राहिलं. जमशेटजी टाटांनी १८९०च्या दशकात जपानी पद्धतीने रेशीम काढण्याचा प्रयोग या जागी केला होता. याच गृहस्थांनी १८९२ साली हिंदी विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी एक निधी उभा केला. सुरुवातीला तो फक्त पारशांसाठी होता, १८९४पासून सगळ्यांना खुला झाला. तो देणगी म्हणून मात्र दिला नाही. टाटांनी कर्ज दिलं. शिका, कमवा, परत करा. तुम्ही परत केलेल्या पैशावर पुढचा जाईल. ज्या माणसाला विज्ञानसंस्थेसाठी आपल्या इमारती आणि जमिनी देऊन टाकताना हात आखडला नाही, त्याने चार पोरांना विलायतेला पाठवताना परतफेडीचा कागद पुढे करावा, हे वरवर पाहता कवडीचुंबकपणाचं वाटतं. मला तो त्यांच्या सगळ्या दानांतला सगळ्यांत सभ्य प्रकार वाटतो. कर्ज देणारा समोरच्याला सांगत असतो, तू फेडशील याची मला खात्री आहे. दान देणारा, त्याच्या मनात नसतानाही, नेमकं उलटं सांगून जातो.

त्या निधीचे पहिले कर्जदार कोण, हे पाहण्यासारखं आहे. पहिल्या दोन नावांत बॅरिस्टर होऊ पाहणारा एकही तरुण नाही. दोन्ही स्त्रिया, दोघी डॉक्टर : डॉ. फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर. ज्या काळात बाईला सावकार तिच्या पाटल्या पाहिल्याशिवाय ओळखत नसे, त्या काळात तिला तिच्या डोक्यावर कर्ज मिळालं. पाटल्या हातातच राहिल्या आणि मान ताठ राहिली. याच सुमाराची दुसरी गोष्ट शेजारी ठेवून पाहा. नाशिकला जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजातून अव्वल आली. त्या गुणांवर इंग्लंडची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. ती बाई आहे म्हणून मिळाली नाही. गुणवत्तेच्या शिष्यवृत्तीने बाई नाकारली, टाटांच्या कर्जाने पहिल्याच हप्त्यात दोन घेतल्या. नंतर याच वहीत जयंत नारळीकरांचं नाव चढलं, राजा रामण्णांचं चढलं, के. आर. नारायणन यांचं चढलं. एक देशाची अणुचाचणी करणार होता, एक राष्ट्रपती होणार होता, आणि नारळीकर तर विश्वाला आरंभच नाही असं पुढे सांगणार होते. कर्जाला मात्र आरंभ होता आणि अंतही होता. फेडलं, वही मिटली. यांच्यापैकी कोणाला जन्मभर कोणा शेटजींच्या पुण्यतिथीला हार घालायला बोलावलं गेलं नाही.

निखळ देणगीचा इतिहास यामानाने फारच नाट्यमय आहे, आणि विद्यार्थ्याच्या आयुष्यात नाट्य नसलेलंच बरं. १८६४ साली रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई यांनी पाच हिंदी तरुणांना विलायतेत बॅरिस्टर करण्यासाठी दीड लाख रुपये देऊ केले. निवड झालेल्यांत फिरोजशहा मेहता होते. मुंबई तेव्हा पैशात लोळत होती, कारण अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिकडचा कापूस अडला होता आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५च्या एप्रिलात जनरल ली यांनी शस्त्रं खाली ठेवली, कापूस उतरला, मुंबईच्या शेअरांचा फुगा फुटला, भल्याभल्या पेढ्यांनी दिवाळं काढलं. रुस्तमजींचीही बसली आणि तिच्याबरोबर शिष्यवृत्तीचा बेतही बराचसा बसला. व्हर्जिनियात एक सेनापती शरण येतो आणि लंडनमध्ये एका पारशी विद्यार्थ्याच्या खानावळीच्या बिलाचं काय करायचं असा प्रश्न पडतो. दाता जेवढा उदार तेवढा त्याच्या नशिबाचा फेरा विद्यार्थ्याच्या गळ्यात. त्याच दशकात मंगळदास नथुभाईंनी मुंबई विद्यापीठाला वीस हजार रुपये दिले, हिंदू विद्यार्थ्यांनी विलायतेचा प्रवास करावा म्हणून. समुद्र ओलांडला तर जात जाते, अशी ज्यांची समजूत, त्यांनाच समुद्र ओलांडायला बक्षीस. सुधारणेचा हेतू नक्कीच थोर होता. पण परत आल्यावर प्रायश्चित्ताचा खर्च कोणत्या खात्यातून करायचा हे असल्या दानपत्रांत कोणी लिहीत नसे, आणि पंचगव्य घ्यायची पाळी यायची ती विद्यार्थ्यावर, दात्यावर नाही.

यावर कोणी म्हणेल की, अटी घालणारे दाते निदान प्रामाणिक असतात. हे मान्य. लंडनमध्ये श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५मध्ये हिंदी तरुणांसाठी शिष्यवृत्त्या जाहीर केल्या तेव्हा अट स्वच्छ होती : इंग्रज सरकारची नोकरी करायची नाही. पुढच्याच वर्षी लोकमान्य टिळकांच्या शिफारशीने विनायक दामोदर सावरकर ‘शिवाजी शिष्यवृत्ती’ घेऊन लंडनला गेले. सरकारी नोकरी करायची नाही ही अट त्यांनी दात्याच्या अपेक्षेहून पुष्कळच काटेकोरपणे पाळली, असं म्हणायला हरकत नाही. आज कोणी दाता अशी उघड अट घालायला धजत नाही. ‘समाजाचं ऋण फेडावं अशी अपेक्षा’ असं मोघम लिहितो. मोघम ऋणाचा ताप असा की ते किती फेडलं म्हणजे फिटलं, हे समाजालाही सांगता येत नाही. बसवनगुडीच्या बैलाबद्दलही अशीच एक आख्यायिका आहे. दगडाचा तो नंदी म्हणे वाढतच चालला होता. शेवटी त्याच्या कपाळावर लोखंडी खिळा ठोकला, तेव्हा सुमारे पंधरा फुटांवर थांबला. उपकारांच्याही कपाळावर असा खिळा लागतो. मुद्दल, व्याज आणि मुदत असं त्याचं नाव आहे.

आता आक्षेप. पहिला सगळ्यांत वजनदार आहे : कर्ज ही ऐपतीची चैन आहे. ज्याच्या घरी सातबाराच नाही त्याला जामीन कोण राहणार? आणि ज्याच्या आईबापांनी सावकार जवळून पाहिला आहे, त्याच्या पोटात कर्ज या शब्दानेच गोळा येतो. हा आक्षेप विनोदाने उडवता येत नाही, आणि त्याचा सगळ्यांत मोठा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरीचा करार. मी ज्याची तरफदारी करतो आहे तसाच हा स्वच्छ, लेखी, मुदतीचा व्यवहार. १९१७मध्ये आंबेडकर करार पाळायला बडोद्याला हजर झाले, आणि त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. हाताखालचा शिपाई फायली दुरून टाकणार, गावात छप्पर कोणी देणार नाही, आणि कागदावर दहा वर्षं शिल्लक. कर्जदार फेडायला तयार, धनको घ्यायला तयार, मधल्या गावाने मात्र दार लावून घेतलं. तेव्हा निव्वळ कर्ज म्हणजे न्याय असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की, करार लेखी होता म्हणून तो कोणी मोडला हे तरी आज बोट ठेवून दाखवता येतं. मोघम कृतज्ञतेच्या व्यवहारात हाच प्रसंग घडला असता, तर कृतघ्न कोण ठरलं असतं, याचा अंदाज कोणालाही करता येईल. आणि जामिनाची अडचण खरी असली, तर जामीन काढून टाकावा, व्याज काढून टाकावं. के. सी. महिंद्रा यांच्या नावाचा ट्रस्ट १९५६पासून परदेशी शिक्षणासाठी बिनव्याजी कर्ज देत आला आहे. आकाश कोसळल्याचं ऐकिवात नाही.

दुसरा आक्षेप भावनेचा : सगळं हिशेबात बसवलं तर जगात निखळ देणं उरणारच नाही का? उरतं, पण ते देणगीदारांच्या यादीत सापडत नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत थिओडिसिया कार्पेंटर नावाच्या बाई दंतवैद्याकडे आपला नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. वेळ जावा म्हणून समोरचं मिशनरी मासिक उचललं, तर त्यात गोपाळराव जोशांचं, बायकोला शिकवायची धडपड सांगणारं पत्र निघालं. पुढे आनंदीबाई त्यांच्या घरी जाऊन राहिल्या, त्यांना मावशी म्हणू लागल्या. (दात दुखणं ही आपल्या पहिल्या महिला डॉक्टरच्या शिक्षणातली मोठी देणगी मानली पाहिजे. म्हणीतल्या गाईला नसले, तरी या गोष्टीत दात होते.) मावशीला कोणी वार्षिक प्रगती अहवाल पाठवत नाही. फार तर पत्रात तब्येत विचारतो. आणखी एक उदाहरण बसवनगुडीतच उभं आहे. बुल टेंपल रोडवर नरसिंहराजा कॉलनीत गोखले सार्वजनिक विचार संस्था आहे. कन्नड साहित्यिक डी. व्ही. गुंडप्पा यांनी ती १९४५मध्ये काढली. स्वतःचं शालेय शिक्षण अर्ध्यावर राहिलेल्या या माणसाने १९७०मध्ये सत्कारात मिळालेले लाख रुपये संस्थेलाच देऊन टाकले, आणि नाव मात्र गोपाळ कृष्ण गोखल्यांचंच राहू दिलं. पण आपण आणखी एक पायरी मागे जाऊ. गोपाळ शिकला कोणाच्या पैशावर? वडील गेल्यावर थोरला भाऊ गोविंदराव शाळा सोडून पंधरा रुपयांच्या नोकरीला लागला आणि त्यातले आठ धाकट्याला पाठवू लागला. पगाराच्या निम्म्याहून जास्त. असा टक्का आजवर कुठल्याही ट्रस्टने गाठल्याचं दिसत नाही. बंगळुरात गोखल्यांच्या नावाची संस्था आहे, पुण्यात आहे. गोविंदरावांच्या नावाने दोन्ही गावांत बाकसुद्धा नाही. नात्यात देणगी चालते, परक्यांत कर्ज चालतं. घोटाळा होतो तो मधल्या माणसाचा : तो परक्याइतका दूर उभा राहून पैसे देतो आणि मावशीइतकी माया मागतो.

तिसरा आक्षेप चहाच्या टपरीपासून कुलगुरूंच्या दालनापर्यंत सगळीकडे ऐकू येतो : पोरं परत येत नाहीत. गांधी बाजारातल्या ‘विद्यार्थी भवन’मध्ये रविवारी सकाळी जावं. १९४३मध्ये आसपासच्या शाळा-कॉलेजांतल्या पोरांसाठी निघालेलं हे उपाहारगृह. आता बाहेर नाव लिहून ताटकळणाऱ्यांत पेन्शनरांचा भरणा मोठा. मालकांनी पाटी बदलायची गरज नाही, विद्यार्थी आहेतच, फक्त ते सनीव्हेलला आहेत आणि त्यांचे आईवडील इथे मसाला डोशाचा फोटो काढून त्यांना पाठवत आहेत. यावर उपाय म्हणून दात्याने ‘परत येईन’ असं हमीपत्र घ्यावं, असं सुचवलं जातं. पण परत येणारे हमीपत्रामुळे येत नाहीत. याच बसवनगुडीतल्या नॅशनल कॉलेजचे एच. नरसिंहय्या ओहायो स्टेट विद्यापीठातून अणुभौतिकीची डॉक्टरेट घेऊन परत आले आणि पुढे बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले तरी कॉलेजच्या वसतिगृहातल्या खोलीतच राहिले. अशा माणसाला कुठलं हमीपत्र बांधणार? आणि जे येत नाहीत, त्यांच्याकडून देह परत मागण्यापेक्षा पैसे परत मागणं सोपं आहे. कर्जाच्या खात्याला डॉलर चालतात, उलट बरे पडतात. रुपया जितका घसरेल तितकं सनीव्हेलहून फेडणं हलकं. रुपयाच्या घसरणीत असा लाभ दुसऱ्या कोणाला झाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. आभाराच्या पत्राचा भाव मात्र कुठल्याच बाजारात वाढत नाही.

राहता राहिले दाते, आणि त्यांच्याबद्दल मला खरोखर आकस नाही. नाव लागावं ही इच्छा देवळाच्या पायरीपासून बसथांब्याच्या बाकापर्यंत सगळ्यांनाच असते. निदान ही माणसं पायरीऐवजी पोरगं निवडतात. अडचण एवढीच की पायरी गप्प बसून पाय देऊ देते, पोरग्याला बोलतं करावं लागतं. नाव हवं तर वहीला द्यावं, वर्षाला दहाजण त्यात कर्जदार म्हणून चढतील, दहाजण फेडून उतरतील, आणि शंभर वर्षांनी एखाद्या कृष्णाबाईंच्या नावाखाली दात्याचंही नाव लोक आपणहून वाचतील. मराठी माणसाला शेंगा आणि टरफलं यांचा हिशेब टिळकांच्या शाळेतल्या गोष्टीपासून पाठ आहे : ज्याने शेंगा खाल्ल्या नाहीत तो टरफलं उचलणार नाही. सावरकरांच्या शिष्यवृत्तीसाठी शिफारस लिहिणारा माणूस तोच, हा योगायोग मला आवडतो. पण बसवनगुडीत परिषे उठली की त्या गोष्टीची दुसरी बाजू दिसते. बैलाला त्याचा वाटा मिळालेला असतो, शेतकऱ्याला भाव मिळालेला असतो, खाणारे खाऊन आपापल्या घरी गेलेले असतात, आणि बुल टेंपल रोडवर पहाटे पालिकेची झाडूवाली टरफलांचे ढीग लोटत असते. तिने एकही शेंग खाल्लेली नसते.